तोच निकाल

परिचारिकेची नोकरी हवी असेल तर त्या काळी मुलाखत द्यावी लागत नसे. उमेदवाराने डोक्याला जाळीची टोपी घालून दुपारभर आरामखुर्चीत पडून राहायचं, एवढंच काम. टोपी त्याच्या मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा उतरवून घेई आणि त्या नकाशावरून यंत्रात त्या माणसाची हुबेहूब प्रत उभी राही. तिला प्रतिरूप म्हणत. प्रतिरूपाला शरीर नसे, पण ते त्याला ठाऊक नसे. ते आठवे, घाबरे, रागावे, जीव लावी, सगळं मूळ माणसासारखंच. मग त्याला एका रचलेल्या जगात सोडायचं. तिथे आग लावायची, पूर आणायचा, एखादं मूल बेशुद्ध पाडायचं, आणि प्रतिरूप काय करतं ते यंत्राने टिपायचं. खरा माणूस बाहेर चहा पीत बसलेला असतानाच आत त्याची परीक्षा होऊन जाई. हीच कसोटी.

बसचालक, वैमानिक, पाळणाघर चालवणाऱ्या बाया, ज्यांच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो अशा सगळ्यांना कसोटी सक्तीची होती. लोकांना ती पसंत होती, कारण तिथे वशिला चालत नसे. फक्त एक कायदा कडक होता. रचलेल्या जगात कुणीही डोकावायचं नाही. माणूस घाबरल्यावर कसा वागतो ही त्याची खासगी गोष्ट. त्यामुळे यंत्रातून बाहेर येई तो फक्त निकाल, आणि नापास असेल तर कारणाची एक ओळ.

डॉ. केतकी साबडे हिने कसोटी शोधून काढली नव्हती. तिने ती परवडण्यासारखी केली होती. एका कसोटीला आख्ख्या गावाला दिवसभर पुरेल इतकी वीज लागे, आणि बदली झाली, तक्रार आली, पद बदललं की तीच कसोटी पुन्हा घ्यावी लागे. केतकी तेव्हा तिशीत होती. तिचं म्हणणं असं की, निकाल दोनच गोष्टींवर ठरतो, प्रतिरूप आणि कसोटी. दोन्हींत तसूभर फरक नसेल तर निकालही तोच येणार. मग पुन्हा वीज का जाळायची? तिने दोन्ही मिळून एक खूण काढायची पद्धत बसवली. निकाल त्या खुणेखाली साठवून ठेवायचा. पुढच्या वेळी तीच खूण समोर आली की कसोटी न चालवता साठ्यातला निकाल उचलून द्यायचा. जे तासनतास चालायचं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊ लागलं. राज्याच्या कसोटी मंडळाने तिला आपल्या साताऱ्याजवळच्या केंद्राची प्रमुख केलं. तिची पद्धत महाविद्यालयात शिकवली जाऊ लागली, आणि शिकवणारे सांगत की यात चूक व्हायला जागाच नाही. केतकीही तेच सांगे.

केंद्रातली जुनी यंत्रं मोडीत काढून नवी बसवायचं ठरलं तेव्हा साठा हलवायचं काम यंत्रप्रमुख इरफान शिकलगार याच्याकडे आलं. तो सावध माणूस होता. साठ्यातले काही निकाल नमुन्यादाखल बाजूला काढून त्याने त्या कसोट्या नव्याने चालवल्या. एका सकाळी तो केतकीच्या खोलीत आला आणि खुर्ची पुढ्यात असूनही उभाच राहिला. काही निकाल जुळत नाहीत, असं त्याने सांगितलं. साठ्यात नापास असलेली माणसं आता पास होत होती.

केतकीने आधी नव्या यंत्रांवर संशय घेतला. इरफानने तो प्रकार तपासून पाहिला होता. मग प्रतिरूपं खराब झाली असतील, असं ती म्हणाली. तीही त्याने ताडून पाहिली होती.

"दोन्ही तेच असतील तर निकाल बदलूच शकत नाही," केतकी म्हणाली.

"मॅडम, मग तिसरं काहीतरी आहे," इरफान म्हणाला. "हे सगळे निकाल एकाच यंत्रावरचे आहेत. आणि एकाच आठवड्यातले."

कोणता आठवडा, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं, आणि तिला आठवलं. त्या आठवड्यात जपानहून पाहुणे आले होते. कसोटी कशी चालते ते त्यांना दाखवायचं होतं, खऱ्या माणसाची नव्हे, नमुन्यासाठी बनवलेल्या प्रतिरूपाची. रचलेल्या जगातली माणसं कोणती भाषा बोलतात हे कसोटीत लिहिलेलं नसे. कसोटी फक्त एवढंच म्हणे की मुलं हाका मारतात, डॉक्टर सूचना देतात. त्या कोणत्या भाषेत, दिवसाची वेळ कोणती, उकाडा किती, हे सगळं यंत्राच्या बाहेरच्या मांडणीतून येई. तिला परिसर म्हणत. पाहुण्यांसाठी त्या यंत्राचा परिसर केतकीने स्वतःच्या हाताने जपानी केला होता. पाहुणे खूश झाले. त्यांना निरोप द्यायला ती पुण्याला गेली, तिथून दिल्लीला एका समारंभाला, आणि परतल्यावर भाषा पूर्ववत करून दुसऱ्या कामाला लागली. मधल्या दिवसांत ते यंत्र रिकामं नव्हतं.

आणि साठ्याची खूण काढताना परिसर त्यात धरलेला नव्हता. तो बदलेल असं कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. केतकीच्याही नाही.

तिने नावं मागितली. इरफान वाचत गेला. कुणी फेरीबोटीचा चालक होता, कुणी शाळेच्या बसवरची बाई. त्यानंतर त्याने ओवी हेगिष्टे हे नाव वाचलं आणि केतकीने त्याला हातानेच थांबवलं. ते नाव तिला आठवत होतं.

ओवी हेगिष्टे चिपळूणकडच्या एका बालरुग्णालयात परिचारिका होती. नवजात बाळांच्या विभागात चार वर्षं काम केल्यावर तिला मोठ्या जबाबदारीवर घ्यायचं ठरलं, त्यासाठी कसोटी झाली. विभागात आग लागते, दिवे जातात, धुरात काही दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतात. परिचारिकेने बाळांना बाहेर काढायचं. ओवी नापास झाली. कारणाची ओळ होती, 'संकटसमयी निष्क्रिय'. बढती तर गेलीच, होतं ते कामही गेलं, कारण अशा बाईच्या हाती तान्ही बाळं कोण देणार? तिने अपील केलं. अपिलात नवं प्रतिरूप घेत नसत, माणूस मधल्या काळात घोकून येईल म्हणून. तेच प्रतिरूप, तीच कसोटी. तिने आणखी एकदा अपील केलं, तेव्हा मंडळाच्या अपील समितीने केतकीला बोलावलं. निकालात चूक असू शकते का, असं त्यांनी विचारलं. केतकी म्हणाली होती, "यंत्राने हे प्रकरण पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी तोच निकाल दिला आहे."

तोच निकाल साठ्यातून दोनदा उचलला गेला होता, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. समितीला ते कळलं नाही, हेही तिच्या लक्षात आलं होतं. पण उचललेला निकाल आणि नव्याने काढलेला निकाल यांत फरक नसतो, हाच तर तिचा सिद्धान्त होता. मग खुलासा कशाला करायचा? समोरच्या बाकावर ओवी बसली होती. केतकीचं बोलणं ऐकून तिने मान हलवली होती, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर रोगी हलवतो तशी.

आता केतकीला इरफानकडे बघवेना. तिला सगळं दिसत होतं. काळोख, धूर, आणि ती बिनशरीराची ओवी उभी आहे. चहूकडून लोक ओरडून सांगताहेत की कोणतं दार बंद आहे आणि बाळं कुठे आहेत, आणि तिला एक शब्द कळत नाही. आपलं डोकं फिरलं की काय, असं तिला वाटलं असेल. इरफान खाली बघत होता. पाहुण्यांच्या दिवशी तोही त्या खोलीत होता, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

मंडळाकडून पत्र पाठवता आलं असतं. केतकी स्वतः गेली. ओवी आता गुहागरच्या वाटेवरच्या एका गावात आंब्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम करत होती. तिने केतकीला लगेच ओळखलं, आदराने बसायला खुर्ची दिली, आणि त्या आदरानेच केतकीला बोलणं अवघड झालं. काय घडलं ते सांगायचं तरी कसं? शेवटी तिने डोळ्यांच्या तपासणीची गोष्ट काढली.

"समजा तुमचे डोळे तपासले," ती म्हणाली. "डोळे तेच, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तोच. पण त्या दिवशी खोलीतला दिवा कुणीतरी घालवला होता. तुम्हाला अक्षरं दिसली नाहीत. आम्ही लिहून ठेवलं, यांना दिसत नाही. नंतर तुम्ही जेव्हा जेव्हा विचारायला आलात तेव्हा आम्ही तुमचे डोळे तपासलेच नाहीत. लिहिलेलं वाचून दाखवलं."

"दिवा कुणी घालवला होता?" ओवीने विचारलं.

"मी."

हातातली कलमाची पट्टी ओवीने नीट गुंडाळून खाली ठेवली. ती रागावेल, निदान रडेल, याची केतकीने तयारी केली होती. ओवी तसलं काहीच न करता म्हणाली की, मॅडम, तुम्ही एवढ्या लांब आलात, पण यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातला लहानगा अंगणात खेळताना गुदमरला. घशात फणसाची आठळी अडकली होती. त्याची आई ओरडत ओवीकडेच धावत आली, ही परिचारिका होती म्हणून. काय करायचं ते ओवीला पाठ होतं. मूल उताणं न धरता पालथं घ्यायचं, खांद्यांच्या मधोमध तळहाताने मारायचं, हे तिने कितीतरी जणींना शिकवलं होतं.

"हाताला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "पण मूल हातात येता येता मनात आलं, अशा वेळी मी गोठते. आणि मी गोठले. रस्त्याने जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने त्याला पालथं धरून आठळी काढली. मी बघत उभी होते. तेव्हापासून माझ्या मुलीला ताप आला तरी मी सासूबाईंना उठवते. मला एकटीला तिच्यापाशी भीती वाटते."

केतकी म्हणाली की हे सगळं त्या निकालामुळे झालं, आधी तुम्ही अशा नव्हता. ओवीला ते पटलं नाही. आपण आधीपासून अशाच असणार, प्रसंग आला नव्हता एवढंच, असं ती म्हणाली. यंत्राला ते आपल्याआधी कळलं. एवढी मोठी गोष्ट ती इतक्या सहज बोलली की केतकीला तिथे बसवेना. तिला माफी मागायची होती, आणि समोरची बाई तिला बरोबर ठरवत होती.

मंडळाने हे प्रकरण लवकर मिटवायचं ठरवलं. त्या आठवड्यातली माणसं शोधून त्यांना पुन्हा कामावर घ्यायचं होतं. मधे काही वर्षं गेली असल्याने प्रत्येकाचं नवं प्रतिरूप घेऊन कसोटी व्हावी, असाही ठराव झाला. ओवी साताऱ्याला आली, टोपी घालून खुर्चीत पडून राहिली, आणि संध्याकाळच्या बसने परत गेली. यावेळी परिसर केतकीने स्वतः तपासला, इरफानने तपासला, दोघांनी मिळून पुन्हा तपासला. भाषा मराठी, वेळ सकाळची, हवा कोकणातल्या हिवाळ्याची.

ओवी नापास झाली. कारणाची ओळही तीच होती.

शेजारच्या यंत्रावर इरफानने तिचं जुनं प्रतिरूप चालवलं. ते पास झालं होतं आणि पुन्हा पुन्हा पास होत राहिलं. दिवे गेले, धूर भरला, हाका आल्या, आणि त्या जुन्या ओवीने एकूण एक बाळ बाहेर आणलं. तिच्या आणि आताच्या ओवीच्या मधे फक्त एक वाक्य होतं. ते केंद्राने पाठवलं होतं आणि केतकीने समितीपुढे पक्कं केलं होतं.

त्या दिवशी केतकी आपल्या खोलीत खूणपद्धत सुधारायला बसली. काम सोपं होतं. ज्या ज्या बाहेरच्या गोष्टींवर निकाल अवलंबून असतो त्या सगळ्या खुणेत धरायच्या, म्हणजे त्यातली एक जरी बदलली तरी साठ्यातला निकाल आपोआप बाद होईल. तिने भाषा धरली. वेळ, हवा, उजेड धरला. मग तिचा हात थांबला. माणसाला त्याचा निकाल सांगितला आहे की नाही, हेही धरायला हवं होतं. निकाल सांगणं हाही परिसरातला बदलच होता, भाषेहून कितीतरी मोठा. पण ते धरलं की साठ्यातला प्रत्येक निकाल सांगितल्याक्षणी बाद होत होता. राज्यातल्या लाखो माणसांच्या हाती आज जो निकाल होता, तो निकाल ऐकण्याआधीच्या माणसाचा होता. नापास झालेले कोण होते आणि नापास ऐकून कोण झाले, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पास झालेल्यांचंही तेच. त्यांतले किती जण केवळ 'तू डगमगत नाहीस' असं ऐकल्यामुळे डगमगत नव्हते?

तिने हे मंडळापुढे मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. भाषा, वेळ, हवा त्यांनी मान्य केली. निकाल सांगण्याच्या गोष्टीबद्दल ते म्हणाले की ती तत्त्वज्ञानाची बाब आहे. ओवीबद्दल मात्र त्यांनी तोडगा काढला होता. चूक जुन्या कसोटीत झाली, तेव्हा दुरुस्तीही तिथेच करायची. जुनं प्रतिरूप पास, म्हणून ओवी पास. नवा निकाल तिला कळवण्याची गरज नाही. कळवला नाही तर कदाचित तिचा धीर परत येईल, असं केतकीच सांगत होती ना?

तसं झालं असतंही. एका वाक्याने मोडलेलं दुसऱ्या वाक्याने सांधलं गेलं असतं. आणि नाही सांधलं गेलं तर? विभागात बाळं असणार होती. त्यांच्या आयांना हा प्रयोग चालेल का, हे कुणी विचारणार नव्हतं.

ती पुन्हा रोपवाटिकेत गेली. वाटेत तिने दोन्ही तऱ्हेची बोलणी मनाशी जुळवून पाहिली होती. कामावर परत घेतल्याचा आदेश तिने ओवीच्या हातात दिला. ओवीने तो वाचला. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, आणि केतकीला वाटलं, इथेच थांबावं, नमस्कार करावा आणि निघावं.

"परवा टोपी घातली, त्यात मी पास झाले?" ओवीने विचारलं.

समितीपुढे सुचलं तसं गोलमोल उत्तर आताही केतकीच्या ओठांवर आलं होतं. ते खोटं ठरलं नसतं. तिने ते गिळलं. म्हणाली, "नाही. तुमची जुनी प्रत पास झाली. सहा वर्षांपूर्वीची. आताच्या तुम्ही नापास झालात. आणि ते माझ्यामुळे झालं. तुमच्यात आधीपासून तसं काही नव्हतं. आम्ही सांगितलं म्हणून ते आलं."

हे बोलतानाच तिला कळत होतं की आपण त्या बाईला दुसऱ्यांदा नापास करतो आहोत. खरं बोलल्याने मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं, तसं काहीच झालं नाही. तिची मान वर होईना.

ओवीने आदेशाची घडी घातली आणि तो केतकीच्या हातात परत दिला. बाळांच्या विभागात मी जाणार नाही, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मग ती रोपांच्या रांगांकडे पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती जुनी प्रत आहे ना, तिला यातलं काही माहीत आहे?"

"नाही," केतकी म्हणाली. "तिच्यासाठी अजून सहा वर्षांपूर्वीचाच तो दिवस आहे. तिला वाटतं, ती तुमच्या रुग्णालयात कामावर आहे."

"आणि ती घाबरत नाही."

"नाही."

"सगळी बाळं बाहेर काढते?"

"सगळी. प्रत्येक वेळी."

ओवीने पदराने डोळे टिपले. केतकीच्या येण्याजाण्यात ती पहिल्यांदाच रडत होती, आणि तरी तिच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं, लांब शिकायला गेलेल्या लेकीची खुशाली कळावी तसं.

"मॅडम, तिला पुसून टाकू नका," ती म्हणाली. "आणि तिला माझ्याबद्दल काही सांगू नका."